नव्या संचात

पोस्टरवर छापलंय : 'कुपोला', नव्या संचात.
नाटकाच्या जाहिरातीतला शब्द.
प्रिंटरनंच सुचवला.
म्हणाला, काका, मेलेल्यांच्या जागी असं काय लिहिता येत नाही.

फोटो मात्र एक्याऐंशीचा.
मागं उद्यमनगरातली भट्टी, पुढं आम्ही पाच बेलबॉटम,
एडविन मधोमध, दोन्ही हात खिशात,
कडेला अशफाक शिकलगार,
आणि त्याच्या डोक्यामागून उगवलेली कुणाची तरी सायकल.
दोघांच्या तोंडावर प्रिंटरनं नवे चेहरे चिकटवलेत.
सायकल तशीच ठेवली.

पेठेच्या मॅचला बदली खेळाडू आत येतो
तेव्हा बाहेर जाणारा त्याच्या पाठीवर थाप देऊन जातो.
इथं थाप द्यायला कुणी नाही,
म्हणून मीच दिली दोघांना,
जरा जोरातच.

एडविनच्या जागी नेजदारांचा सौमित्र.
त्याचं इंग्रजी चोख आहे.
एडविननं गाणी उचलली होती घासलेल्या कॅसेटवरून;
जिथं शब्द कळायचा नाही
तिथं तो ब्रह्मपुरीच्या चर्चमधल्या प्रार्थनेतला एखादा शब्द
बेधडक घालून पुढं जायचा.
कोल्हापुरात कुणाला कळतंय.
सौमित्र मोबाईल समोर ठेवून खरे शब्द म्हणतो.
म्हणजे इतकी वर्षं
मी दुसऱ्याच गाण्याला बेस वाजवत होतो
आणि त्या दुसऱ्या गाण्यात
कुणीतरी कुणालातरी क्षमा करत होतं.
खऱ्या गाण्यात तसलं काही नाही. एक मोटरगाडी आहे.

ड्रमवर इचलकरंजीची वृषाली हावळ, वय बावीस.
घराच्या भिंतीला भिंत लावून बारा यंत्रमाग,
त्या खटखटीत पाळण्यात झोपलेली पोरगी.
तिचा हात हलत नाही वेळेवरून, केसभरसुद्धा नाही.
आणि आम्ही तिघं म्हातारे
दर ओळीत तिसऱ्या ठोक्याशी अडखळतो,
पायरी आहे समजून अंधारात पाय टाकावा तसे.

'तिथं का थांबतायसा सगळी?' तिनं विचारलं.
'मी बरोबर वाजवलो की.'
बरोबरच वाजवलीस, म्हणालो.
अशफाक तिसरा ठोका उशिरा मारायचा, एवढं सांगितलं.
स्टाईल होती त्याची, असंही म्हणालो.

जुलेखाभाभी प्रॅक्टिसला डबा घेऊन आली होती.
झाकण उघडता उघडता म्हणाली,
स्टाईल कसली, डावा कान गेला होता त्यांचा, भट्टीवर.
उजवा निम्मा.
सांगू नको म्हणायचे, काढून टाकतील.
तुमचा बेस त्यांना फळीतनं यायचा, तळपायाला.
तो आला की मारायचे.

मटण चांगलं झालं होतं. मला गिळेना.
तो माझ्यासाठी थांबत होता,
मी त्याच्यासाठी.
चाळीस वर्षं दोघं
दारात अडलेल्या पाहुण्यांसारखे
तू आधी, नाही तू आधी,
आणि लोक म्हणायचे, काय जमलंय यांचं!

शाहूपुरीतल्या हॉलला शनिवारी दोनशे खुर्च्या, दीडशे भरल्या.
मिरजेच्या सतारवाल्यानं मान चिकटवून दिलेला
माझा जुना बेस गळ्यात,
आणि स्टेजवर जायच्या आधी मी बूट काढले, मोजेसुद्धा.
सौमित्रला वाटलं, देवभोळा आहे म्हातारा.

फळी गार होती.
पहिला ठोका आला, दुसरा,
तिसरा वेळेवर आला, टाचेतून गुडघ्यापर्यंत.
मी थांबलो.
सौमित्रनं मागं वळून पाहिलं.

टाळ्या बऱ्या पडल्या.
वृषालीला शेवटची एसटी गाठायची होती,
काठ्या पिशवीत कोंबत म्हणाली,
'काका, तुम्ही परत लेट झालासा.'
व्हय, म्हणालो,
आणि बूट शोधायला लागलो.