एकशे चाळीस पावलं

आईबापांनी नाव ठेवलं निवृत्ती,
तरी निवृत्त व्हायला साठ वर्षं लागली.
त्यातली छत्तीस नाशिकरोडच्या छापखान्यात,
तिकिटांच्या कागदावर.
मोजून आत, मोजून बाहेर.
फाटलेला कागदसुद्धा मोजायचा,
आणि सुटी झाली की फाटकाशी
दोन्ही हात वर.

आता मी स्वतःचा शिक्का कोरतो.
पाच रुपयांचं खोडरबर, दाढीचं अर्धं पातं.
पळसाची पानं कोरली.
उलटी कोरा, सुलटी उमटवा, तीनच राहतात,
म्हणून तीच निवडली.

शिक्का, वही, जांभळ्या शाईचं पॅड,
सगळं बायकोच्या लोणच्याच्या डब्यात घालून
बोरगडाखालच्या झाडीत लपवलं, त्याला तीन वर्षं झाली.
वाट सोपी. तुंगलदऱ्याच्या बाया
डोक्यावर मोळी घेऊन गप्पा मारत उतरतात तिथून.
खुणेची चिठ्ठी म्हसरूळच्या वाचनालयात ठेवली,
ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी:

    वनखात्याच्या पाटीपासून डावी वाट धर.
    दोन बुंध्यांची मोई दिसेल, तिला पाठ दे.
    सूर्य उगवतो तिकडे एकशे चाळीस पावलं.
    जिच्यावर कुणी बसत नाही त्या शिळेखाली
    हात घाल. आधी काठी घाल.

आज वही बदलायला गेलो.
माघ सरत आलेला, सागाची पानं
पापडासारखी बुटाखाली मोडत होती.
मोईला पाठ दिली. मोजलं.
एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस...
समोर कुड्याचं झुडूप, शेणाचा वाळका पो.
शिळा नाही.

परत मोईपाशी. परत मोजलं.
परत तोच पो.

मग पोटात जे कालवलं, ते जुनं होतं.
सत्त्याऐंशी साली एक कागद कमी भरला होता,
एकच.
रात्री अकरापर्यंत कुणी हललं नाही.
पुंजाराम भोरची तान्ही पोर घरी तापाने फणफणलेली,
आणि तो स्टुलावर बसून,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
कागद दुसऱ्या कागदाला चिकटलेला सापडला.
तोवर आम्ही सगळे एकमेकांच्या नजरेत
थोडे थोडे चोर झालो होतो.

डबा गेला, म्हटलं. नेला कुणीतरी.
खाली टेकायला गेलो तर
उजवा गुडघा कुरकुरला, गेल्या वर्षी बदललेला,
आणि एकट्यालाच हसू फुटलं.
अरे निवृत्ती, पाऊल आखडलंय तुझं.
जंगल आहे तिथेच आहे.

आणखी सव्वीस पावलांवर शिळा.
काठी घातली. एक सरडा निघाला.
मग डबा.

वहीत माणसंच माणसं.
बटाट्याचा एक शिक्का: बहुतेक मासा, किंवा विमान.
सिडकोतल्या दोघी बहिणींचे समोरासमोर मोर.
करवंदाच्या रसातला एक अंगठा,
खाली नाव नाही, गाव नाही,
नुसत्या रेघा, स्वच्छ.
आणि शेवटून तिसऱ्या पानावर, ठळक पेन्सिलीत:

    'तुमची पावलं चुकीची आहेत.
    मला दोनशे अकरा लागली.
    बाबांना एकशे बावीस.
    कोणाची धरायची?
    ओवी, तिसरी ब.'

वही बदलली नाही. दोन पानं कोरी होती अजून.
तिच्या ओळींखाली पळस उमटवला
आणि लिहिलं, 'माझी आज एकशे सहासष्ट.'
चिठ्ठीतला आकडा तसाच ठेवणार आहे.
आयुष्यात पहिल्यांदा
हिशोब न जुळता उठलो.

उतरताना वनखात्याच्या अडसराशी आलो
आणि हात आपोआप वर गेले, दोन्ही.
चौकीदार बशीत चहा ओतत होता.
त्याला वाटलं, मी लांबून हाक देतोय.
त्यानेही एक हात वर केला,
मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाला,
काका, मतदान करून आलात की काय?