उलट्या गिअरात

सव्वीस सालच्या मार्चात ती आली बर्मिंगहॅमहून,
निळी, ऑस्टिन सेव्हन, बाहुलीच्या पाळण्याएवढी.
तिच्यासाठी वडिलांनी मोटारसायकल विकली
साइडकारसकट,
जिच्यात मी आणि ॲव्हिस
एकाच ताडपत्रीखाली पावसात वाढलो.

गल्लीतली पोरं विचारायची,
चावी कुठे देता हो हिला, पाठीत?
खाणीचे मालक प्लमट्री
आपल्या लांबलचक गाडीतून वाकून बघायचे,
बुटाखाली काय आलं ते बघावं तसं.
वडील गप्प.
त्यांचा डावा कान फ्रान्समध्येच राहिला होता.
इंजिन ते तळहातानं ऐकायचे,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा बॉनेटवर हात ठेवून.

क्लच हट्टी: धरला तर धरला, सुटला तर सुटला,
मधलं काही नाही.
ब्रेक दोन, पायाचा मागच्या चाकांना, हाताचा पुढच्या,
आणि दोघांचं आपसांत पटत नसे.
आई म्हणाली, म्हणजे आपलं घरच की हे.

ती गाडी शिकली ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.
दर गुरुवारी, वडील खाणीवर असताना,
चॅपलच्या मागच्या अंगणात
शेजारच्या मिस ऑलरेनशॉकडून.

ऑगस्टातला रविवार. मावशीचं गाव टेकडीपलीकडे,
टाकीत पेट्रोल तळाला टेकलेलं.
अर्ध्या चढावर नाक वर झालं आणि इंजिन विझलं.
तिच्यात पेट्रोल आपल्याच वजनानं उतरायचं,
उतार उलटा झाला की उतरायचं कुठून?
वडील खाली उतरले. टोपी काढली. पुन्हा घातली.
आई सरकून चाकामागे बसली,
गाडी ओघळू दिली पार पायथ्याच्या फाटकापर्यंत,
तिथे वळवली,
आणि काही न बोलता उलट्या गिअरात
टेकडी चढायला लागली
मान मागे वळवून, हॅट दातांत धरून.

आमची तोंडं दरीकडे.
गाव लहान होत गेलं, चॅपल, चुन्याच्या भट्ट्या,
स्मारकाचा नवा पांढरा दगड,
त्यावरची नावं इतक्या लांबून वाचता येईनात.
आणि आमच्या बॉनेटसमोर वडील,
धापा टाकत चालत येणारे,
हातात एक मोठा धोंडा,
गाडी घसरलीच तर चाकाखाली सारायला.
ते हसत होते.
त्याआधी मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

एकोणचाळीसला तिला ठोकळ्यांवर चढवली.
चाकं काढली, मागच्या सीटवर कोंबड्या बसल्या.
ॲव्हिस कारखान्यात गेली, मी समुद्रावर.
परतलो तेव्हा वडील नव्हते,
आणि आईला आता चढ नको होते.

एक्कावन्नला एका विद्यार्थ्यानं बारा पौंड मोजले.
वरचं सगळं कापून शर्यतीची गाडी करणार म्हणाला.
सीट उचलून बघितली, म्हणाला,
हा धोंडा कशाला इथे?
विनाकारण वजन.

मी म्हटलं, असू दे.
तुझ्याही वाटेत टेकड्या असतील.
त्यानं तो उचलून
आमच्याच फाटकापाशी ठेवला,
अगदी हळू, पोरगं सज्जन होतं.