पंच

बावनथडीच्या काठचं झाड जमादारानं उपटलं
अन् तोललं माझ्याच किराण्याच्या तराजूत.
मुळासकट. तीन किलो दोनशे.
म्हटलं, साहेब, माती तरी झटका.

डोमाजी कटरे उकिडवा बसलेला.
त्याच्या आज्याकडं ठेक्याचा परवाना होता, शिक्क्याचा;
आता त्या कागदात चुन्याची डबी.

पान चालते, फूल गुन्हा.
दिल्लीनं एकाच झाडाची अशी वाटणी केली.

"ज्या त्या राज्यानं ठरवावं हे,"
मास्तर म्हणाले.
डोमाजी हसला.
"मुंबई तरी कुठं दिसते इथून?
दिसते तो पल्याडचा मध्यप्रदेश."

मी सही केली, अर्धं वाचून.

रात्री साखर तोलायला पारडं पुसलं,
कडेला चार बिया.
फुंकर मारली.
वारा कुठल्या राज्यात जात होता
हे पंचनाम्यात नाही.