बावीस

रात्री साडेदहाला मी घैसासांच्या डोक्याला वायरी चिकटवते.
पांढरी चिकट पेस्ट, बोटाला चिमटा, छातीला पट्टा.
ते म्हणतात, "मी घोरत नाही हो. हिचं आपलं काहीतरी."
सगळे असंच म्हणतात.
एरंडवण्यातल्या या दुसऱ्या मजल्यावर
आजवर एकही घोरणारा आपणहून आलेला नाही,
सगळे कुणीतरी पाठवलेले.

अकरा वीसला झोपतात.
अकरा चोविसला सुरू.
काचेपलीकडे मी, माझा थर्मास, पडद्यावर बारा रेघा.

घोरणं म्हणजे काही फार नाही.
झोपेत घसा सैलावतो, जिभेचं बूड मागे घसरतं,
वाट अरुंद होते, आणि हवा तर थांबायची नाही.
ती पडजिभेला धक्के देत जाते,
दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यातून रिक्षा जावी तशी,
प्रत्येकाला घासून, प्रत्येकाशी भांडून.

कधी कधी वाट मिटतेच.
आवाज थांबतो, आणि शेजारी जागी असलेल्या बाईला वाटतं,
सुटले बाई.
मी मात्र तेव्हाच खुर्चीत पुढे सरकते.
एक. दोन. तीन.

मोजायला मी शाळेत शिकले नाही.
दांडेकर पुलाजवळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत
अण्णा पीएमटी चालवून यायचे, शेवटची पाळी,
भाकरी खाऊन उताणे पडायचे
आणि पत्र्याला कंप सुटायचा.
पलीकडच्या हौसामावशी भिंतीवर वरवंटा आपटायच्या.
आम्ही भावंडं त्या आवाजात गाढ झोपायचो.
तो थांबला की मी जागी.
एक. दोन. हाताची बोटं संपली की पायाची.
वीसच्या पुढे माझ्याकडे काही नव्हतं,
म्हणून एकवीसला धाकट्याचा अंगठा धरायचे,
बावीसला त्याची करंगळी,
आणि अण्णा विहिरीतून वर आल्यासारखा श्वास ओढायचे.

आईचा उपाय माझ्याच मुळावर आला.
माझे पाच सागरगोटे घेतले,
अण्णांच्या बंडीला पाठीवर कप्पा शिवून आत कोंबले.
उताणे झाले की टोचणार, टोचले की कुशीवर वळणार.
वळायचे. शिव्या द्यायचे, पण वळायचे.
पंधरा दिवस वस्तीत सामसूम.
मग बंडी फाटली, सागरगोटे कुठे गटारात गेले,
आणि शनिवारची क्वार्टर काही अण्णांनी सोडली नाही.

आता मी तेच सांगते, जरा शुद्ध भाषेत.
कुशीवर झोपा, उशाला उंची द्या,
संध्याकाळचा पेला बंद, तंबाखू बंद,
वजन उतरवा, गळ्याभोवतीचंही उतरतं त्यानं,
नाक चोंदत असेल तर दाखवून घ्या.
तरीही श्वास अडला तर हे मशीन, हा मुखवटा.
सागरगोट्यांचं नाव घेत नाही. टेनिसचा चेंडू म्हणते.

सहाला घैसासांचे केस पेस्टनं ताठ उभे.
"झोपच लागली नाही," ते म्हणतात, "घोरणार कुठून?"
मी कागद पुढे करते.
तासाला एकतीस वेळा. सगळ्यात लांब, छप्पन्न सेकंद.
ते चष्मा पुसतात, परत बघतात.
"छप्पन्न सेकंद," म्हणतात, "तेवढ्यात ती काय करत असेल हो?"
मी वायरी गुंडाळत राहते.

साडेआठला धायरीला, फ्लॅटवर.
अण्णा ऐंशीचे. मुखवटा त्यांनी एकच रात्र लावला,
म्हणाले, "मी बस चालवायचो, विमान नाही."
तो कपाटावर आहे, पिशवीत.
मी पडदे ओढून आडवी होते,
ते बाहेर खुर्चीत, पेपर घेऊन, दार किलकिलं.

दुपारी चहा ठेवताना, न विचारता सांगतात,
"आज नऊ."
काल सात होते.
"कुशीवर वळ म्हटलं तर शिवी दिलीस मला."
वळले का पण?
"वळलीस."