खाडे

साडेनऊला शेवटचं ताट उचललं जातं,
मग तेच टेबल पुसून मी त्यावर पुस्तपालन मांडते.
रेक्झिनला आमटीचा वास.
बेचाळिसावं पान हळदीनं आधीच पिवळं.

येणारे ते नावे, जाणारे ते जमा.
परीक्षेत हेच इंग्रजीतून येणार,
डेबिट, क्रेडिट,
आणि मी मनातल्या मनात ते परत मराठीत आणून बघणार.
नावे म्हटलं की कुणाचं तरी नाव लागतं.
डेबिटला चेहरा नाही.

आईच्या वहीत तर नुसती नावंच आहेत.
परतूरचा कावळे, दोन महिने.
उमरग्याचा इरफान, साडेचारशे.
उंच, चष्मेवाला, भात न खाणारा
(नाव विचारायचं राहिलं), पंधराशे.
नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून येऊन जेवलेली,
आणि एका सकाळी गादी गुंडाळून गेलेली पोरं.

मी म्हटलं, आई, याला बुडीत कर्ज म्हणतात.
नफातोटा पत्रकात टाकायचं आणि मोकळं व्हायचं.
ती परात घासत होती.
म्हणाली, बुडीत कशानं?
त्याची भरतीच निघाली नाही अजून.

पहिल्याच धड्यात आहे: मालक वेगळा, धंदा वेगळा.
मालकानं धंद्यातलं काही स्वतःसाठी घेतलं
तर ती उचल. तशी नोंद करावी.
आई रात्री ओट्याशी उभ्यानंच जेवते,
टोपाच्या बुडाची भाजी, एक करपलेली पोळी.
मी सराव म्हणून लिहिलं:
उचल खाते नावे, खरेदी खाते जमा.
रक्कम?
शेवंताबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या,
शून्य लिही. करपलेलीला कोण पैसे देतं?
असलं उदाहरण पुस्तकात नाही.

घसारा सोपा आहे.
किंमत, वजा मोडीत येईल ती रक्कम, भागिले आयुष्य.
मिक्सरला लावून बघितला. फ्रिजला लावला.
मग आई पायरीवर बसून गुडघा चोळताना दिसली
आणि मी पुढच्या धड्यावर गेले.

एप्रिलमध्ये, रात्री दीड वाजता,
अंधारात गल्ल्यावरच्या पेटीतली बाई बोलली:
पंधराशे रुपये प्राप्त झाले.
आम्ही दोघी उठून बसलो.
फोनवर सेलूच्या कुठल्याशा ट्रॅक्टर दुकानाचं नाव,
बाकी एक अक्षर नाही.

बँक खाते नावे, इथवर ठीक.
पण जमा कुणाचं?
चष्मेवाल्याचं धर, मी म्हटलं, आकडा जुळतोय.
आकडा जुळला म्हणून माणूस जुळतो का, ती म्हणाली,
कावळेचा मामा सेलूचाच.
आणि तो कोण, ताकासाठी भांडायचा तो?
पुस्तक सांगतं, उलगडा होईपर्यंत रक्कम
निलंबित खात्यावर ठेवावी.
ठेवली.
तेव्हापासून ती रोज झोपायच्या आधी वही उघडते
आणि एकेक नाव त्या पंधराशेला लावून बघते,
कानातलं हरवलेल्या जोडीला लावून बघावं तसं.

भिंतीवर तिच्याच अक्षरात पाटी आहे:
तीनपेक्षा कमी खाडे धरले जाणार नाहीत.
धरते सगळे. एका वेळचासुद्धा.
ताप आला म्हणून, गावी पूजा होती म्हणून,
प्रेमभंगाचे दोन, न विचारता.

परीक्षेचं केंद्र वाघोलीच्या पुढे.
सहाला निघाले तर ती डबा घेऊन गांजवे चौकापर्यंत आली,
हाताला कणीक तशीच.
दुपारी जेवायला आहेस की खाडा?
आहे, म्हटलं.
थोडं चालून झाल्यावर, रस्त्याकडे बघत:
आणि ते दिल्लीचं झालं तर,
किती खाडे गं?

रिक्षा मिळाली.
लकडी पूल ओलांडेपर्यंत मी धडे आठवायचे सोडून
बोटांवर मोजत होते,
तीन वर्षं, दोन वेळा,
सुट्ट्या वजा.