ढाळ

ओहायोचा हा वायव्य कोपरा मुळात दलदल.
लोकांनी जमिनीत भाजक्या मातीचे नळ पुरले
मैलोन्‌मैल, एकाला एक टेकवून,
आणि वर मका लावला, चर्च बांधलं, आमचं घर बांधलं.
पाणी मात्र पत्ता विसरलेलं नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळतं
आणि तळघरात आधी वास येतो,
बटाट्याच्या पोत्यामागे येतो तसा.
मग भिंतीला लोणा फुटतो, पिठासारखा.
मग फरशीच्या सांध्यातून एक काळी रेघ
वॉशिंग मशीनच्या पायापर्यंत चालत येते.
कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप
दर चार मिनिटांनी खाकरतो.
मी अंथरुणात मोजते.
रॉयस होता तेव्हा मी झोपायचे, तो मोजायचा.

कंपनीचा तरुण आला, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
आतून भिंती लिंपू म्हणाला, फरशी फोडू, दोन पंप बसवू.
अकरा हजार डॉलर. वर एक पेन भेट.
त्या पेनानं सही करण्याआधी
मी एल्डन नीनहाउसला फोन केला.
काउंटीचे चर मोजण्यात त्याची चाळीस वर्षं गेली,
त्यातच गुडघेही गेले.
तो तळघरात उतरलाच नाही.
म्हणाला, "कुठं तरी पाणी मुरतंय, ते बाहेर शोध.
जोराचा पाऊस आला की अंगणात जा.
काही करू नकोस. नुसती उभी राहा."

एप्रिलमधली रात्र, दोन वाजलेले,
गाउनवर रॉयसचा रेनकोट, हातात टॉर्च.
घराला चार बाजू आहेत हे ठाऊक होतं,
चौथी मी पावसात कधी पाहिली नव्हती.
छपराचं अर्धं पाणी पन्हळीतून धावत येऊन
उभ्या नळातून थेट जोत्यापाशी कोसळत होतं.
नळाचं खालचं कोपर नव्हतं.
माती तिथं बशीसारखी खचलेली,
घराकडे कललेली,
या, बसा, म्हणत असल्यासारखी.

कोपर सापडलं गॅरेजात, गवत कापायच्या यंत्रामागं.
त्याला चिकटपट्टीनं औषधाची बाटली बांधलेली,
आत तीन स्क्रू,
लेबलावर त्याचं अक्षर: परत लावणे.
तारीख जूनची.
ऑगस्टमध्ये तो गेला.

स्क्रू तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसले.
मग लक्षात आलं, याला शिडीसुद्धा लागत नाही.

पुढचे तीन आठवडे एल्डन घडीच्या खुर्चीत बसून ओरडत होता.
चिकणमाती आण, काळी भुसभुशीत नको, ती पाणी पिते!
धोपटून घे! दहा फुटांत सहा इंच ढाळ!
गोटी सोडून बघ, कुठं जाते!
मी गोटी सोडली. ती घराकडे आली.
पुन्हा फावडं.
चर खणताना जुना नळ लागला,
आत केसांच्या वेणीसारखी मुळं:
लग्नाच्या पहिल्या वर्षी मी लावलेली विलो.
"तूच बुजवलंस," एल्डन म्हणाला, आणि डबा उघडून सँडविच खाल्लं.

नवा भोकांचा नळ टाकला, भोवती कापड, वर खडी,
आणि त्याचं तोंड रस्त्याकडच्या चरात काढलं,
ग्रेटाच्या कुंपणाकडे नाही;
तिच्या मनात साचलेलं उपसायला पंप नाही.
एल्डननं पैसे घेतले नाहीत,
बिटाच्या लोणच्याच्या सहा बरण्या नेल्या,
सातवी मागून घेतली.

मेमधलं वादळ. रात्रभर वीज, पन्हळ गच्च भरून वाहतेय.
मी मोजू लागले. चार मिनिटं. नऊ.
चाळिसाला मोजणं सोडलं, पण झोप आली नाही.
खाली गेले. फरशी कोरडी.
लोण्याचा भुगा झाडून ठेवलेला, तसाच.
खड्ड्यातला तरंगा तळाशी बसलेला, निवांत.

एल्डननं सांगितलंय,
पंप वापरात नसला की तो अडकतो,
दर तीन महिन्यांनी बादलीभर पाणी ओतून बघायचं.
तीन महिने झाले नव्हते.
मी नळाखाली बादली लावली,
भरली,
हळूहळू ओतली.
तरंगा उचलला,
आणि अंधारात तो खाकरला.