अंदाजे

वयाच्या रकान्यावर पेन टेकवून
डॉक्टर मगदूम थांबले.
मिरजेच्या त्या दवाखान्यात आमच्या पुढं एक बोकड होता,
आणि माझ्या मांडीवर, टॉवेलखाली, दिवाणचा पिंजरा.

गळ्याला कंठ आलाय, म्हणजे तीनच्या पुढं.
बुबुळाभोवती पांढरं कडं, म्हणजे पिल्लू नव्हे.
पायावरची खवलं बघा, वाळल्या चुन्यागत.
यापलीकडं पोपटाचं अंग काही सांगत नाही, ते म्हणाले.
आणला कधी?

आणला आप्पांनी. आप्पा नाहीत.
विचारायचं कुणाला, तर त्यालाच.

घरी येऊन वही काढली
आणि दिवाण बोलेल ते लिहीत गेले.
कुकरची शिट्टी : तिला वय नाही.
"पाणी चौकात आलं, पाणी चौकात आलं" :
हा एकोणीसचा पूर, नाही तर पाचचा,
कृष्णामाई दोन्हीदा त्याच वाटेनं आली.
काळ्या फोनची घंटा, तीनदा,
मग आप्पांच्या घशातून, "हांऽऽ, बोला, आरवाडे."
"हरिपूरचं पेव उघडा रे!"
पेवं पाचच्या पाण्यात गेली. म्हणजे त्याच्याही आधी.
आणि एक भाव : एकवीसशे! एकवीसशे पाच!

भावासाठी मार्केट यार्डात गेले.
दस्तगीरचाचा, आप्पांच्या काट्यावरचे तोलाईदार,
डोळ्यांत मोतीबिंदू, नखांत अजून हळद.
एकवीसशे? राजापुरी का कडप्पा?
म्हटलं, पोपट तेवढं फोड करून सांगत नाही.
हसले. पोरी, हा भाव तीनदा आला आणि तीनदा गेला,
तू कुठला धरणार?

राहिला एक आवाज.
दिवेलागणीला, बारीक, चिरका,
मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबणारा.
वहीत मी लिहिलं होतं : मांजर?

मालनकाकीनं वही वाचली.
चष्मा काढून ठेवला.
माझा हात ओढून पदराखाली घेतला,
जुन्या सौद्यात आप्पा रुमालाखाली घ्यायचे तसा,
की भाव दोघांत राहावा, तिसऱ्याला कळू नये.
आधी दोन बोटं धरली.
सोडली.
मग आख्खी मूठ.
मग तीन बोटं,
आणि ती बराच वेळ सोडलीच नाहीत.

या घरात पाळणा बांधला नाही कधी,
असंच मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय.

"अकरा दिवस," काकी म्हणाली.
"बाराव्याला नाव ठेवायचं होतं.
हा तेव्हा एवढासा, धड पंख फुटले नव्हते.
कान मात्र तयार होते मेल्याचे."

दिवाण पेरूची फोड पायात धरून
आमच्याकडं एका डोळ्यानं बघत होता.

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय :
वय, अंदाजे वीस.
मी ते दुरुस्त केलेलं नाही.
फक्त आता लक्षात आलंय,
दिवेलागण झाली की काकी
टीव्हीचा आवाज बारीक करते.